भाडं नसलेली फेरी

मंगळवार ठरलाय.
रविवार देता येत नाही, रविवारी गाडी लोकांची.
सोमवारी भावड्याची घटक चाचणी,
बुधवारी कुंदाला गणवेश पोचवायचेत, तेवीस,
काजं-बटणं अजून बाकी.
म्हणून मंगळवार.

जेवणं झाल्यावर तेजलने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं,
पाठकोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं : तोरणमाळ.
खाली दोन रेघा मारल्या.
दुसरी वाकडी गेली म्हणून भावड्यावर ओरडली,
तो तर नुसता बसला होता.

निघायचं पाचला. म्हसावद, राणीपूर,
काळापाणीला चहा.
एवढं मी झोपेतही सांगेन.
कुठल्या वळणावर पोरं ओकतात,
कुठे दुसरा गिअर टाकायचा,
आणि कुठे तो टाकूनही देवाचं नाव घ्यायचं,
कुठे मोबाइलची रेंज जाते
आणि मागच्या सीटवरचे
सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांशी बोलायला लागतात.
अकरा वर्षं. धरणगावचे, दोंडाईचाचे, सुरतेहून आलेले.
एकदा एक म्हातारे मास्तर,
एकटेच, अख्ख्या गाडीचं भाडं मोजून.

भावड्या म्हणाला, पण सीताखाई कशी आहे?
तठे काय शे?

दरी आहे, म्हटलं. खोल.
किती?
खूप.
आपल्या पाण्याच्या टाकीएवढी?
त्याहून.
टाकीवर टाकी ठेवली तर?

कुंदाने मशीन थांबवली, माझ्याकडे पाहिलं.
तिला माहीत आहे.
तिथे गाडी सोडता येत नाही.
माकडं वायपर उपटतात,
हँडब्रेक माझा निम्मा खोटा,
आणि कुणी चपला, कुणी आजी
गाडीतच ठेवून जातं.
मी बोनेटला टेकून उभा.
मला कड्याकडे जाणाऱ्यांच्या पाठी ठाऊक आहेत
आणि परतणाऱ्यांची तोंडं.
भांडत गेलेली माणसं
हळू चालत येतात, दार हळू लावतात.
ते मास्तर आले, म्हणाले, चला,
आणि पुढे शहाद्यापर्यंत एक शब्द नाही.
एवढ्यावरून मी ती दरी मापलेली.

तेजल लिहितेय :
कळण्याच्या भाकरी. ठेचा वेगळ्या डब्यात.
बिबड्या. त्यांचा चुरा होईल, ती म्हणते.
होऊ दे, चुराच आधी संपतो.
लिंबं, ओकायच्या पिशव्या,
बहिणीच्या हर्षलचा स्वेटर, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल.
खिडकी जाताना भावड्याला, येताना तेजलला.
पुढची सीट कुंदाला.
ती म्हणाली, मी मागेच बरी.
दोरा ओवला, गाठ मारली,
मग म्हणाली, बसते पुढे.

तेवढ्यात फोन. मंगळवारच.
नऊ माणसं, म्हणाल ते भाडं.
गाडी कामात आहे, म्हटलं.
खोटं नव्हतं.

रात्री मात्र झोप लागेना.
कड्यापाशी जाऊन पोरं वळली
आणि म्हणाली, एवढंच?
तर मी काय दाखवू?
अकरा वर्षं लोकांच्या तोंडांवर विश्वास ठेवलाय,
त्यांना कदाचित घाटच लागला असेल.

सकाळी यादी चहाच्या डब्याखाली होती.
सगळ्यात तळाला, नव्या शाईत :
दगड, चार.
तिथे दगडांना काय तोटा, मी म्हटलं.
तिथे शोधत बसाल तुम्ही, तेजल म्हणाली,
आणि शोधता शोधता आमचं बघून होईल.
दोन मागच्या चाकांना लावायचे,
मग तुम्ही आमच्याबरोबर यायचं.

आणि उरलेले दोन?

ते भावड्याने गोमाईतून आणलेत,
दप्तरात आहेत, पुस्तकांच्या खाली.
वरून सोडायचे आणि आवाज येईपर्यंत मोजायचं.
त्याला शंभरापर्यंत येतं.
पुढचं तो आजपासून पाठ करतोय.