कोरडा ट्रॅक

मानेवाड्यात नवतपाचा चौथा दिवस.
कूलर बंद करावा लागतो, नाहीतर
त्याच्या मोटरची घरघर
गिटारच्या पिकअपमध्ये शिरते
आणि तारेच्या आडून बोलत राहते.
"दहा मिनिटं फक्त, मामाजी."
सासरे बनियनवर, हातात पेपरची घडी:
"कर नं बाई बंद. मी काय विरघळून राहिलो का."

तार छेडते, आणि आवाज
जरा थांबून येतो.
जरासाच. पण बोटाला कळतं.
आपलंच वाक्य कुणी आपल्यामागून
चोरपावलांनी म्हणत यावं तसं.

मामाजींना सांगितलं तर हसले.
पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस.
"ट्रंक कॉलवर असंच होये.
बोलाचं, अन् थांबाचं.
ज्याले थांबता ये नाही, तो भांडे."

मी थांबत नाही, बफर कमी करते.
पाचशे बारा. दोनशे छप्पन्न. एकशे अठ्ठावीस.
आवाज सरकत सरकत बोटाजवळ येतो.
चौसष्टवर कानात फुटाणे फुटू लागतात,
लॅपटॉप उपड्या परातीवर धापा टाकतो.
एक पायरी मागे.

मग मॉनिटरची ती बारीक खूण चालू करते
आणि ही खोली उरत नाही.
एक सूर टाकावा, तो लांब कुठेतरी
पाण्यावर उतरतो, परत येतो,
येताना आणखी दोघांना घेऊन येतो.
बँकेतला काउंटर नंबर तीन नाही,
हर्षलचा पुण्याहून न आलेला फोन नाही.
मी मोठी होते. इतकी मोठी
की मला माझा दुसरा काठ दिसत नाही.

मार्चमध्ये तारांना हात लावला की झणझण यायची.
मामाजींनी अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला,
कोळसा, खडीमीठ, दोन बादल्या पाणी.
"आता वाजव."
झणझण गेली.
त्यांना काय ऐकू येतं, हे तेव्हा
विचारायचं राहून गेलं.

आज हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला.
मी वाजवत होते आणि ते
डोळे मोठे करून छताकडे बघत होते.
"अवो, हे तं लोहापुलाखाली
हाक मारल्यावाणी वाटते!"
घाम मानेवरून बनियनमध्ये उतरत होता,
त्यांनी पुसला नाही.

"थांबा, आता रेकॉर्ड झालेलं ऐकवते."
मॉनिटर बंद केला, सगळा साज उतरवला,
आणि स्पीकरवर लावलं.

खरड. टुक. खरड.
बटण पाटीवर घासावं तसं काहीतरी.
पाणी नाही, लांबी नाही,
एक सूर पडतो आणि पडल्या जागी मरतो.
चौथ्या ओळीत बोट घसरलेलं
उन्हात ठेवल्यासारखं स्पष्ट.

मला माहीत होतं. ट्रॅकवर कोरडंच जातं,
ओलावा असतो तो फक्त ऐकताना,
नंतर हवा तेवढा घालता येतो.
माहीत होतं तरी
कान गरम झाले.

मामाजी मात्र शांत.
"हेच तं मी ऐकून राहिलो नं बाई,
सहा महिने झाले. भितीच्या इकडून."

सहा महिने.
हे खरडणं, आणि त्यासाठी बंद कूलर.

"मग बोलला का नाहीत?"
"काय बोलाचं? तू ऐकत होती काहीतरी.
तुह्या तोंडावर दिसे."

ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून,
आणि कूलरचं बटण दाबलं.
वाळ्याचा ओला वास आला.
हेडफोनमध्ये, न छेडलेल्या सहा तारांतून,
घरघर सुरू झाली.

मी तुकडा पुसला नाही.
नवा ट्रॅक उघडला, हात मांडीवर ठेवले
आणि लाल बटण दाबलं.