मागचा जिना

सातपूरच्या महापालिका शाळेत
तक्रारपेटीची किल्ली हरवली त्याला तीन वर्षं झालेली.
कुलूप मी तोडलं. माझ्याकडे पक्कड असते.
वायरमन म्हणून बोलावलं होतं मीटिंगला,
आणि चौथीतल्या मुलीचा बाप म्हणूनही.
जानेवारीतलं नाशिक, पत्र्याला हात लावू नये असं गार.

पेटीत निघालं ते असं:
चिंगमचे कागद, तुटकी राखी, वाळलेली पाल,
आणि वहीचा चतकोर, चार घड्यांचा:
मागच्या जीन्यात दीवा लावा.
खाली नाव नाही. दोन्ही वेलांट्या चुकलेल्या.

घुगेबाई म्हणाल्या, बल्बच ना, लावून टाकू.
कुणीतरी हसलं. चहा आला.
मी कप नुसता धरून बसलो,
कारण तिथला होल्डर मीच काढून नेला होता.

शुक्रवारी बल्ब लावायचो, सोमवारी जागा रिकामी.
पोरं चोरतात, असं धरून चाललो.
शेवटी वायरला टेप गुंडाळली, बिलात लिहिलं:
होल्डर काढला, मजुरी चाळीस.
कोण काढतं, कशाला काढतं,
हे विचारणं मजुरीत बसत नव्हतं.

एवढं मी सगळ्यांसमोर बोललो.
कप खाली ठेवल्याचे आवाज आले, एकामागून एक.

मग एकदम गलका. अक्षर कुणाचं?
पाचवीच्या वह्या आणा, लावा शेजारी, आत्ता कळेल!
चतकोर हातोहात फिरायला लागला
तेव्हा जैतुनबी उठल्या,
शाळेसमोर बांगड्यांची हातगाडी लावतात त्या, नात दुसरीत.
कागद घेतला, बटव्यात टाकला, नाडी ओढली.
म्हणाल्या, ज्या लेकराने लिहिलं त्याने नाव घातलं नाही.
तुम्ही कोण घालणारे?

पुढे फार मोठं काही घडलं नाही.
सकाळची शाळा सुटून दुपारची भरते
ती वीस मिनिटं आम्ही वाटून घेतली.
सोमवारी गांगुर्डे, त्याची कंपनीत सेकंड शिफ्ट.
मंगळवारी खिचडी शिजवणाऱ्या अहिरेताई, हळदीच्या हातांनी.
अय्याज पिंजारी रिक्षा बाजूला लावून यायचा,
पण जिन्यात एकटं कुणीच उभं राहायचं नाही,
हा नियम त्यानेच घातला,
आणि पहिला स्वतःला लावला.
दिवा मी लावला, जाळीत, फुकट.
दिव्याने नुसतं दिसतं. बघायला माणूस लागतो,
हे मला उशिरा कळलं.

तिसऱ्या आठवड्यात दोन मुली अहिरेताईंकडे आल्या,
न सांगता भांडी विसळू लागल्या,
आणि पातेल्याकडे बघत बोलल्या.

चौकीवर गेलो ते अकरा जण. बाकडं एक.
हवालदार म्हणाला, एवढे कशाला?
जैतुनबी म्हणाल्या, एकेक आलो असतो तर
उद्या या म्हणाला असतात.
अधिकारी बाई तासाभराने आल्या.
तासभर आम्ही उभे होतो.

कवायतीचे मास्तर आता शाळेत नाहीत.
तारखा पडतात. पाळीपाळीने रजा टाकतो.
गांगुर्डेचा एक दिवसाचा पगार कापला गेला, तो कुणाला सांगत नाही.

पेटीला आता दोन कुलपं.
एक किल्ली घुगेबाईंकडे,
एक हातगाडीवर, बांगड्यांच्या दोरीला.
शनिवारी उघडतो.
खिचडीत वाटाणे कमी.
वेदांत मला ढापणी म्हणतो.
मोठ्याने वाचत नाही. पण सगळं वाचतो.

रात्री घरी आलो तर मुलगी झोपलेली,
शुद्धलेखनाची वही ताटाशेजारी उघडी.
एका ओळीवर नजर गेली, वेलांटीपर्यंत पोचायच्या आत
वही मिटली.

मोरीतला दिवा चालू ठेवतो. तिला लागतो.
कधीपासून लागतो, ते उद्या
पाणी भरताना,
बादलीकडे बघत विचारीन.