दुधाची काडी

मोती चौकात पहाटे खासनीस साहेब स्टुलावर बसायचे,
मी पेटी उघडून धरायचो.
आत मखमल, मखमलीत काचेची काडी,
पोटात पारा, मानेवर आकडे.

दुधात सोडली की आधी बुडायची,
मग दचकून वर यायची,
साहेब चष्मा कपाळावर सारून आकडा वाचायचे.
अठ्ठावीस. सव्वीस. एकोणीस.
एकोणीसला दोन रुपये दंड
आणि चरवी गटारात.
ओतायचं काम माझं.
वहीत एकच शब्द : नष्ट.

ठकूबाई पिसाळ पदर खोचून म्हणाली,
"पानी हाय, न्हाई म्हनत न्हाई.
पर पानी कुटलं? कासचं.
नळ तुमचा, पट्टी भरलीया, पावती हाय.
म्हंजी निम्मं दूध म्युन्शिपालटीचंच की!
तुमचं तेवढं सांडा, माझं ऱ्हाऊ द्या."

रांग हसली. बैलसुद्धा हसले असतील.
साहेबांनी लिहिलं : उद्धट उत्तर दिले.

आता सांगायला हरकत नाही,
मी चरवी कधीच पुरती उपडी केली नाही.
तळाशी पावशेर राखायचो,
कोपऱ्यावर धाकट्याचा तांब्या तयार असायचा.
माझी तिन्ही पोरं
नष्ट झालेल्या दुधावर वाढली.

आश्विनात हौदावर धुताना काडी निसटली.
पारा फरशीवर पळाला,
गोळा करायला गेलो तर
एकाचे दहा होऊन फटीत शिरला.
माझ्या पगारातून सहा महिने कापून घेतले.
मुंबईहून नवी येईपर्यंत
साहेब अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायचे,
हात कलता करायचे,
थेंब ओघळायचा तसा ओघळायचा,
आणि "जा" म्हणायचे.
सगळा सातारा नखावर चालला.
ओतणं बंद. तांब्या कोरडा.

ठकूबाईला वाटलं, मी मुद्दाम फोडली.
एका सकाळी माझ्या दारात शेरभर धारोष्ण,
वर बोटभर साय.
"गरिबाची कड घेतलीस बाबा," म्हणाली.
मी काही बोललो नाही.

धाकट्यानं एक घोट घेतला
आणि तोंड वाकडं केलं.
"ह्ये दूध न्हवं."

मग नळावर गेलो.
थोडं घातलं. त्यानं मान हलवली.
आणखी घातलं.
काडी नव्हती, पण हाताला ठाऊक होतं
एकोणीस कुठं येतं.
तेव्हा कुठं प्यायला.