दहा ते दोन

वन्संनी कॅलेंडर उलटं टांगलंय.
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेली नदी:
तीर्थन, हिमाचल. वळणावळणाला फुल्या.
"ट्राउट इथे उभा असतो," म्हणतात,
"खडकाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून."
उभा असतो.
जसं कुणी रावपुऱ्यात बसची वाट बघत.

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही.
दांडिया बाजारातली भाजीवाली विचारते,
पकडायचा आणि परत सोडायचा?
मग एवढं लांब जायचं कशाला?
वन्सं एक वांगं उचलतात, फिरवून बघतात,
देठाशी हलकंच दाबतात,
परत ठेवतात.

तीस वर्षं कॉलेजात कीटक शिकवले,
सगळे फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले.
मेफ्लाय म्हणजे पाण्याखाली वर्षभर दगडाला चिकटून,
मग पंख, मग जेमतेम एक संध्याकाळ.
"पंख फुटल्यावर तिला तोंड उरत नाही, वहिनी.
खाणं बंद."
आणि माझ्याकडे बघितलं.
मी गप्प बसले. पाच मिनिटं तरी.
पाण्यातून उठताना, जिवंत,
त्यांनी एकही पाहिलेली नाही.

म्हणून जेवणाच्या टेबलाला आता शिकंजा लावलाय.
सोळा नंबरचा गळ, तांदळाच्या दाण्याएवढा.
कमाटीबागेत गळून पडलेलं मोरपीस, त्याची एकेक काडी.
माझ्या शिवणाच्या डब्यातला बदामी रेशीम, न विचारता.
कोंबड्याच्या मानेची पिसं मी आणली फतेपुऱ्यातून,
पदर नाकापर्यंत ओढून,
ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.
भेटल्या. पुराणिकबाई.
त्यांच्याही हातात काळी पिशवी.
आम्ही दोघी हवेबद्दल बोललो.

सकाळी सहाला बागेत सराव.
गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा.
"टॉवरचं घड्याळ डोळ्यांपुढे आण.
पुढे दहावर थांब, मागे दोनवर. मध्ये दोराला वेळ दे.
दहा ते दोन, वहिनी, बँकेसारखं!"
माझा हात चारपर्यंत जातो.
गोंडा कडुनिंबात.
पलीकडे विश्वामित्री, काठावर मगरींची पाटी.
रखवालदार रोज तेच विचारतो,
"बेन, मगर पकडवा आव्यां छो?"

चंडीगडचं तिकीट: वेटिंग अकरा, वेटिंग बारा.
पुढे औट, पुढे बंजार, पुढे कुणा ठाकुरांची जीप.
परवान्याचा अर्ज, दोन फोटो
(माझ्या फोटोत मी लग्नाला निघाल्यासारखी).
एप्रिलच्या आत परतायचं,
नंतर बर्फ वितळून पाणी गढूळ होतं.
भाजणी दोन किलो. गुडघ्याचा पट्टा.
त्याखाली मी बारीक अक्षरात लिहिलं: दोन पट्टे.
चौसष्टीची बाई, वाहतं पाणी, शेवाळलेले गोटे.
मनात पाल चुकचुकत राहते.
बोलत नाही मी. मला तोंड नाही.

परवा रात्री खरी पाल उतरली,
ट्यूबलाइटच्या मागून, भिंतीवरून, टेबलाच्या कडेवर.
वार्निश लावून बारा माश्या वाळत ठेवलेल्या.
ती थांबली.
शेपटीचं टोक तेवढं हललं.
वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं,
आणि मला कळलं की पंखा बंद आहे,
कधी बंद केला त्यांनी?

झडप.

सरावाची माशी होती, गळाचं टोक आधीच कापलेलं.
दोन क्षण जबड्यात धरली,
चव बघितली,
आणि टाकून दिली, तिथेच, वांग्यासारखी.

"फसली," वन्सं कुजबुजल्या.
"वहिनी, फसली ती!"
इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.
मग चष्मा लावून कॅलेंडरवर टीप:
मोरपीस, बदामी रेशीम, सोळा नंबर. चालते.

आणि पेन्सिल कानामागे खोचत, माझ्याकडे न बघता,
"रबरी बूट तुला पाच नंबरचे ना?"

सहा, मी म्हटलं.
जाड मोजे घातले तर सात.