गाळलेल्या जागा

तिसऱ्या तिमाहीचा अहवाल
शुक्रवारी पाचच्या आत हवा.
मार्लीन झुपान्चिच गाडी लावते
आठशे गाड्यांच्या आवारात, दारापासून लांबच,
सवयीनं: जवळची जागा गिऱ्हाइकांची.

एरी सरोवरावरून वारा येतो, एक ढकलगाडी
आपली आपण चालत जाते, थांबते, विचार बदलते.
पिवळ्या रेघा मात्र ताज्या,
मालकांनी जूनमध्येच रंगवून घेतल्या.

क्लीव्हलंडच्या पूर्वेला वीस गाळ्यांची ही रांग,
शाळेतल्या पेपरासारखी:
गाळलेल्या जागा भरा, प्रत्येकी एक गुण,
आणि कंसातले पर्याय वर्षागणिक कमी.

क्रमांक तीन, डायलिसिस केंद्र.
पहाटे पाचला काय ती इथेच वर्दळ,
आणि गिऱ्हाईक नेमाचं.
हे ती लिहिते, मग खोडते.
सहा, पाद्री ओडेल प्रुइट यांचं चर्च, पूर्वी गाद्यांचं दुकान.
गुडघे टेकायला अजून तोच मऊ गालिचा.
भाडं अर्धं, तेही श्रद्धेवर.
नऊमध्ये थ्वी दोआन नखं रंगवते,
आणि यंदा भाडं वाढवू नका म्हणते
मान वर न करता,
मार्लीनचाच हात हातात धरून.

वीस, टोकाचं, ज्याच्या जिवावर बाकीचे एकोणीस जगले.
काढून नेलेल्या अक्षरांची फिकट सावली
भिंतीवर अजून वाचता येते, उन्हं कलली की जास्तच.
तिथे सात आठवड्यांपुरतं हॅलोविनचं सामान.
प्लास्टिकच्या सांगाड्यांनी भाडं आगाऊ भरलंय,
म्हणून हा गाळा 'भरलेला'.
नोव्हेंबरात ते जातील.
पण तिमाही सप्टेंबरलाच संपली.

आणि चौदा.

तिबोर कोलेसार, बूटदुरुस्ती.
एकतीस वर्षं, सहा करार, एकदाही उशीर नाही.
तीस तारखेला त्यानं दुकान वाढवलं.
एक दिवस थांबला असता तर आकडा बरा दिसता.
रोज संध्याकाळी वाढवायचा तसंच वाढवलं असणार,
आधी शिलाई मशीनवर कापड, मग दिवा, मग शटर;
फक्त किल्ली या वेळी पाकिटात.

मालकांना अहवालात वाढ हवी असते.
ही असली वाढ कुठल्या रकान्यात घालायची?

आत पॉलिशचा वास.
जागा बघायला येणारा पहिलं हेच विचारेल, वास जाईल ना?
भिंतीत खिळे, फरशीवर मशीनच्या चार पायांचे चार डाग.
गल्ल्यावर ते पाकीट
आणि शेजारी एक खोकं.
खोक्यात तपकिरी बूट, नवे तळवे,
चिठ्ठीवर तारीख मागच्याच्या मागच्या हिवाळ्याची,
नाव झुपान्चिच.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला होता.
तिनं अंथरुणात पडल्या पडल्या
फोनवरून दुसरे मागवले,
आणि सकाळी ते दारात हजर.
हे बूट राहिलेच. चौदाच्या समोरून
आठवड्यातून दोनदा जाऊनही राहिले.

खाली तिबोरचं तिरकं अक्षर:
पैसे तेव्हाच दिलेत.
टाचेला रबर जाड लावलंय,
तुम्हाला चालावं फार लागतं.

ती तिथेच गल्ल्यावर बसून बूट बदलते.
उठून चालून बघते,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
साडेअकराशे चौरस फूट.
कुठेच लागत नाहीत.

शुक्रवार, चार वाजून चाळीस.
मागणी सावध. बाजार स्थिर.
गाळा चौदा, लगेच उपलब्ध, वाहनतळ मुबलक.
'भाडेकरू जाण्याचं कारण' या शब्दांपुढे
कर्सर उघडझाप करत राहतो.
एवढी एक जागा मार्लीन गाळते
आणि अहवाल पाठवून देते.