येणे बाकी

वळिवड्याच्या माळावर
पाच वर्षं एक पोलिश गाव होतं.
त्याचा इतिहास आमच्याकडे आहे
तो बाळगोंडा आज्जाच्या उधारीच्या वहीत.

अंडी म्हणजे यायका. दूध, म्लेको.
कोबी, कापुस्ता.
समासात दोनदा खोडून: कापूस नव्हे.

बराकीला नंबर, माणसाला नाव नाही.
चौऱ्याण्णव ब, सहा अंडी, तीन आणे.
एकशे अकरा, पायमोजे विणून दिले, फिटले.
उसाच्या सरीत पायमोज्यांचं काय काम?
आज्जानं ते बेंदराला
बैलाच्या शिंगांत चढवले.

बाप्ये फार नव्हते त्या गावात.
कुठं गेले, हे विचारायला
आज्जाजवळ शब्द होते ते भाजीचेच.

मग पानंच्या पानं आडवी रेघ.
गाव आगगाडीत बसून गेलं.
त्याच बराकींत सिंधी आले,
फाळणीतून वाचलेलं घेऊन,
खांद्यावर कापडाचे गठ्ठे टाकून दारोदार फिरले.
आता लग्नाचा बस्ता बांधायला
अख्खा जिल्हा गांधीनगरात उतरतो.
मीही तिथंच एका पेढीवर हिशेब लिहिते,
जीएसटीसकट.

एकच खातं उघडं राहिलंय:
याद्विगाबाई, साडेसहा आणे.
खाली पेन्सिलीनं तिच्या हातची ओळ,
आमच्या घरात कुणाला न लागलेली.

परवा पोलंडहून एक म्हातारी आली,
लहानपणीची बराक शोधत.
तिला दाखवली. तिनं चष्मा पुसला,
वाचलं, आणि हसता हसता खालीच बसली:
"एक अंडं नासकं निघालं."

रात्री मी अर्धा आणा वजा केला.
येणे, सहा.