दुसरा हात

बोगुमिल फोर्मेला, वय अडुसष्ट,
गदान्स्कच्या गोदीत एकतीस वर्षं.
'व्यवसाय' ही चौकट लहान आहे,
मी लिहिते: रंगारी.
पुढची चौकट: धूम्रपान. होय.
तो म्हणतो, लिही की रंगाच्या वासावर उतारा म्हणून ओढायचो.
तेवढी जागा नाही.

संमतीपत्र चौदा पानी.
तो ओळीखाली बोट धरून वाचतो, नवव्या पानावर थांबतो.
'म्हणजे तुम्हालाच माहीत नाही?'
नाही, मी म्हणते. माहीत असतं
तर तुम्हाला विचारलंच नसतं.
हे त्याला पटतं. सही अशी दाबून करतो
की खालच्या तीन पानांवर उमटते.

प्रश्न साधाच आहे:
मूत्राशयातली गाठ आतून खरवडून काढल्यावर
औषध सहा आठवडे सोडायचं, की तीनच पुरेत?
'म्हणजे किती हात द्यायचे,' फोर्मेला म्हणतो.
'जहाजाच्या बुडालाही आधी खरवड, मग हात.
पहिला हात लोखंडच पिऊन टाकतं.
दुसरा दिसतो.
तिसऱ्यापासून मुकादम डबे मोजायला लागतो.'

कॉम्प्युटरने चिठ्ठी काढली: तीन.
मी कागदाकडे बघत सांगितलं.

औषध म्हणजे तीच लस,
पाळण्यात असताना दंडावर टोचलेली,
जिचा वण त्यालाही आहे, मलाही.
क्षयाचे जातभाई, दात काढलेले, पण जिवंत.
आत गेले की शरीर खवळून धावतं,
त्या झटापटीत गाठीच्या उरल्यासुरल्या पेशीही
मार खातात, असं डॉक्टर झुझाना सांगते.
'दंगलीत जुना हिशेब चुकता,' म्हणतो फोर्मेला.

दोन तास लघवी धरून ठेवायची.
दर पाव तासाला कूस बदलायची,
पाठ, डावी, पोट, उजवी,
कुठलाही कोपरा कोरडा राहता कामा नये.
मी दाराबाहेर घड्याळ घेऊन. आत पलंग करकरतो.
किती राहिलं? अकरा मिनिटं.
दात-ओठ खात तो रंगांची नावं पुटपुटतो:
शेंदरी अस्तर, डांबरी काळा, हिरवा, पुन्हा हिरवा,
नॉर्वेवाल्यांना लागायचा तो पांढरा.
नंतर संडासात ब्लीच, पंधरा मिनिटं तसंच ठेवा,
घरीसुद्धा. बायकोला सांगून ठेवा.
'बायको नाही. ब्लीच आहे.'

लुद्का हिन्त्सा सहाच्या गटात होती.
सगळे सहा हात झाले,
आणि अकराव्या महिन्यात दुर्बिणीच्या पडद्यावर
पाण्यात हलणारं लालसर शेवाळ,
सुंदर म्हणावं असं. म्हणू नये.
मूत्राशय काढावं लागलं.
रकान्यात मी लिहिलं: घटना. तारीख. सही.
त्या रात्री मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

फोर्मेला पंचविसाव्या महिन्यापर्यंत स्वच्छ.
मग आलाच नाही.
फोन वाजून वाजून बंद. पत्र परत.
नियमाप्रमाणे तीनदा शोधलं,
चौथ्यांदा नियमाबाहेर, ट्रामने जाऊन.
दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

कधीतरी आलेख छापला जाईल.
दोन रेघा पायऱ्या उतरत जातील,
एकेक पायरी म्हणजे एकेक लुद्का.
आणि रेघ जिथे सपाट चालते
तिथे बारीक उभ्या खुणा:
शेवटचे दिसले तेव्हा बरे होते, असे लोक.
वाचणाऱ्याला वाटेल, छपाईत कचरा आला.
पंचविसाव्यावरची एक मी ओळखेन.

दोन्ही रेघा अजून एकमेकींना चिकटून चालल्या आहेत.
समिती म्हणते, थांबा.

परवा एक पोस्टकार्ड आलं, समोर फ्योर्ड.
'मुलीच्या नवऱ्याची होडी रंगवतोय.
पाण्याचा रंग आत-बाहेर ठीक.
किती हात लागतात ते कळलं की कळव.'
तारीख नाही, त्यामुळे नोंदीत धरता येत नाही.
पत्ताही नाही.